आधी काळोख सांगा

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडात बॅटरी होती. दातांत घट्ट धरलेली, पेटलेली, आणि तीही भर दुपारी. मी साताऱ्याकडून बदली होऊन आलेली हायस्कूलची नवी बाई. पहाटेपासून एस.टी.त हाडं खिळखिळी करून, ट्रंक हातात घेऊन त्यांच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभी राहिले आणि खोली मिळेल का म्हणून विचारलं. त्यांनी मान वर करून उजेड माझ्या तोंडावर पाडला आणि "हं" असा काहीतरी आवाज काढला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा "हं." एवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, काकी, आल्या आणि म्हणाल्या, "तेंच्या तोंडात बॅटरी आसा तोवर तेंका काय इचारू नकात. आणखी धा मिनटां आसत."

दहा मिनिटांत काकींनी मला पाणी दिलं, खोली दाखवली, माझं माहेर, शिक्षण, लग्न का झालं नाही, सगळं विचारून घेतलं. बाहेर आलो तेव्हा आबांनी घड्याळ बघून बॅटरी तोंडातून काढली, जबडा चोळला आणि पहिलं वाक्य बोलले. "दुखता. बाद." होडीवर इंजिन बिघडलं की माणसाचे दोन्ही हात गुंततात, मग बॅटरी धरायला दातच उरतात, म्हणून पंधरा मिनिटं दातांत धरून जबडा दुखला तर ती बॅटरी त्यांच्या लेखी बाद. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की घर बरं आहे, बाई मायाळू आहे आणि म्हातारा थोडा सुटलेला आहे.

आता ते नाहीत. मालवणच्या किनाऱ्यावरच्या त्या वाडीत त्यांची आठवण निघाली की दोनच गोष्टी निघतात. एक म्हणजे त्यांचं बॅटऱ्यांचं वेड. दुसरी म्हणजे त्यांच्या हातच्या बॅटरीने त्यांच्याच मेव्हण्याचा जीव घेतला ही. पहिली खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. उशीर झालाय, पण मी उशिराच करणारी बाई आहे.

आबा बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. तीस वर्षं बोटीच्या पोटातल्या तारा सांभाळून घरी आले, ते येताना पैसाअडका किती घेऊन आले देव जाणे, पण एक लाकडी पेटी भरून बॅटऱ्या घेऊन आले. मालवणकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आतल्या सेलना शेल. पुढे ते बारीक पांढरे एलईडी आले, तर वाडीने त्यांचं नाव 'दाणे' ठेवलं. पाच दाण्यांची बॅटरी, नऊ दाण्यांची बॅटरी. त्या सुमाराला भारनियमन एवढं वाढलं होतं की वीज घरी पाहुण्यासारखी यायची. म्हापशाच्या बाजारातून, मुंबईहून, आखातातून नाना तऱ्हेच्या बॅटऱ्या वाडीत येऊ लागल्या, आणि घेण्याआधी नाहीतर घेतल्यानंतर प्रत्येक जण ती घेऊन आबांच्या पडवीत यायचा. आबा विकत काहीच नव्हते. फक्त पसंत करायचे.

पण पसंतीआधी त्यांचा एक प्रश्न असायचा, आणि तो चुकवून कोणाची सुटका नसे.

"काळोख कसलो?"

माणूस गोंधळायचा. "काळोख म्हणजे... काळोख, आबा."

"तसा नाय. आधी काळोख सांगा, मगे बॅटरी सांगतंय."

मग हळूहळू माणूस सांगायचा. विहिरीवर जायचा काळोख, गोठ्यातला काळोख, माडाच्या बागेतून यायच्या पाणंदीचा काळोख. त्या प्रत्येकाला आबांकडे वेगळी बॅटरी होती. एका गणपतीत मुंबईचा चाकरमानी चकचकीत वीस दाण्यांची बॅटरी घेऊन आला. म्हणाला, "आबा, अर्धा किलोमीटर उजेड जाता." आबा म्हणाले, "अर्धो किलोमीटर फुडे कोण तुजो सासरो बसलोहा? तुज्या पायाकडे काय दिसता ता सांग." आणि त्याला खळ्याच्या कडेला नेलं. तिथे लाल चिऱ्यांवर त्यांनी सुंभाचा वीतभर तुकडा टाकून ठेवलेला असे. हे त्यांचं फुरसं. खरं फुरसं असंच असतं, चिऱ्याच्या रंगाचं, बोटाएवढं, आणि चावलं तर दवाखाना लांब. चाकरमान्याने त्या निळ्यापांढऱ्या झगझगाटात सगळं खळं धुंडाळलं आणि शेवटी सुंभावर पाय देऊन उभा राहिला. "मेलंस," आबा म्हणाले, आणि आत जाऊन चहा ठेवायला सांगितला.

आणखीही परीक्षा होत्या. हाताला खोबरेल लावून बटण दाबायचं, कारण मासळीचा हात निसरडा असतो. डोळे मिटून बटण शोधायचं. माळ्यावरून चिऱ्यावर टाकायची. खाडीच्या पाण्याच्या बादलीत दिवसभर बुडवून ठेवायची. आणि सगळ्यात शेवटी, "हिचो शेल वाडीतल्या दुकानात गावता काय?" गावत नसेल तर बॅटरी कितीही गुणाची असो, आबा ती परत हातात ठेवायचे. औषधाच्या गोळीएवढे शेल लागणाऱ्या कितीतरी देखण्या परदेशी बॅटऱ्या त्यांनी अशा नापास केल्या.

एकदा शेजारच्या वाडीतली एक म्हातारी आली. तिला काळोख विचारला तर ती पदर तोंडाला लावून बसली. मग पदराआडूनच म्हणाली, "घोव आजारी आसा. उठूचो जाता, पण माका हाक मारूक लाजता. धडपडता." आबा उठले. पेटीतून बोटाएवढी बॅटरी काढली, तिला दोरी ओवली. बुडावर उभी केली की तिचा उजेड वर कौलांना लागून खोलीभर मंद पसरायचा. "तेच्या गळ्यात घाल," म्हणाले. "तुका हाक मारूची गरज नाय म्हणान सांग." मी त्या दिवशी पडवीत वह्या तपासत बसले होते. त्या क्षणापासून मला हा माणूस आवडायला लागला, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगते.

त्यांच्यात एक खोट होती. जे त्यांना लखलखीत ठाऊक असे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. गाईडच्या मुलींचं शिबिर मी मसुऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला न्यायचं ठरवलं तेव्हा बॅटऱ्या निवडायला अर्थातच आबांकडे गेले. त्यांनी माझी तासभर उलटतपासणी घेतली. तंबू किती? मुली भित्र्या आहेत की धीट? चुलीकडे कोण बसणार? शेवटी दोघी मुलींत एक छोटी बॅटरी, सगळ्यांत मिळून एक मोठी, आणि तंबूच्या मधल्या काठीला टांगायला एक, अशा बॅटऱ्या त्यांनी स्वतः पिशवीत भरून दिल्या. पहिल्या संध्याकाळी दिवस मावळला, मुलींनी बॅटऱ्या काढल्या, आणि एकही पेटेना. बारा मुली रडायच्या बेतात, आणि मी त्यांच्याही पुढे. शेवटी चुलीच्या उजेडात एक बॅटरी उघडली तर आत एक शेल उलटा घातलेला. सगळ्यांत तसाच. पिशवीत बटण दाबलं जाऊन शेल संपू नये म्हणून ही बोटीवरची युक्ती. परत आल्यावर मी भांडायला गेले, तर ते इतके खजील झाले की मलाच वाईट वाटलं.

"सांगूक इसारलंय, बाई. माका वाटला, शेल उलटो घालतत ता सगळ्यांका म्हायत आसतला."

काकी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. तोवर त्या मला 'बाई, तुमी' सोडून 'गो, तू' म्हणायला लागल्या होत्या. "गो, ह्यांनी माका लग्नात पण असाच केल्यानी. बोटीर जातंय म्हणान सांगूक इसारले. मी आठ दिस वाट बगी."

काकींचा धाकटा भाऊ त्याच वाडीत राहायचा. लहान होडी होती त्याची, आणि एक भागीदार. दोघे दुपारनंतर जायचे आणि दिवेलागणीला खाडीच्या तोंडातून आत यायचे. आमचं घर त्या तोंडाच्या अगदी जवळ. भाऊ येताजाता पडवीत टेकायचा आणि आबांची थट्टा करायचा. आबांनी त्यालाही एकदा विचारलं, काळोख कसलो. तो म्हणाला, "भावोजी, तुमी थंय उभे रवलात काय माका काळोखच नाय." आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. रोज संध्याकाळी तो यायच्या वेळेला आबा सुरूच्या झाडांपलीकडे वाळूच्या उंचवट्यावर बॅटरी पेटवून उभे राहायचे. न हलता, हात ताठ करून. मी फिरायला जायची तेव्हा बघायची. एकदा तर भरतीच्या लाटा फुटत होत्या आणि आबा काचेवर तळवा ठेवत होते, काढत होते, ठेवत होते, काढत होते. मला वाटलं हाताला डास चावतायत. विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. घाटावरची माणसं समुद्राला दुरूनच हात जोडतात, आत काय चाललंय ते विचारत नाहीत, त्यातली मी.

नारळी पौर्णिमेनंतरची गोष्ट. काकी मसुऱ्याला बहिणीकडे गेल्या होत्या. आबांचा पाय आदल्या दिवशी न्हाणीघरात मुरगळून हा एवढा सुजला होता. संध्याकाळी आभाळ भरून आलं, वीज गेली, आणि आबा पडवीत अस्वस्थ होऊन एकदा पायाकडे, एकदा सुरूंकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आबा, मी जाते. नुसतं उभंच राहायचं ना?"

"जाशात?" त्यांचा चेहरा खुलला. बोटीवरच्या दोस्ताने नुकतीच पाठवलेली छोटी, भिजली तरी चालणारी, दाण्यांची बॅटरी त्यांनी माझ्या हातात दिली. ती त्यांची नवी लाडकी होती. एका बटणात तीन उजेड, म्हणून गेले आठ दिवस वाडीभर दाखवत होते. "हातात हलकी आसा, तुमका बरी. पेटवा नि धरून रवा. तो येतलो."

एवढंच सांगितलं त्यांनी.

मी उंचवट्यावर उभी राहिले. वारा पावसाचे शिंतोडे तोंडावर मारत होता. होडी दिसत होती, लांब, एक काळा ठिपका. मी बटण दाबलं. उजेड आला, पण त्या संध्याकाळच्या करड्या धुरकटात तो मलाच पुरेसा वाटेना. अजून मोठा होईल म्हणून पुन्हा दाबलं, तर बारीक झाला. तिसऱ्यांदा दाबलं आणि बॅटरी उघडमीट करायला लागली, भरभर, लखलखत. मला आनंद झाला. वाटलं, हे बरं आहे, असं लुकलुकणारं लांबून लगेच दिसतं. आमच्याकडे घाटात गाडी बंद पडली की असाच लाल दिवा लुकलुकत ठेवतात. मी हात उंच केला आणि तशीच धरून उभी राहिले. हे मी विचार करून केलं. चुकून बटण दाबलं गेलं असं मी मनाला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे, पण ते तसं नाही.

होडी थोडा वेळ थांबल्यासारखी झाली. मग वळली आणि दक्षिणेकडे जाऊ लागली.

मी धावत घरी आले. "आबा, ते गेले. दुसरीकडेच गेले." आबांनी माझ्या हातातली बॅटरी बघितली. ती अजून लुकलुकत होती. त्यांच्या तोंडचा रंग उडताना मी पाहिला. बॅटरी माझ्या हातातून ओढून, तो सुजलेला पाय फरफटत ते सुरूंमधून धावले. मी मागोमाग. उंचवट्यावर त्यांनी बॅटरी स्थिर धरली, ओरडले, पुन्हा ओरडले. समुद्रावर आता फक्त पाऊस होता, होडी कुठेच नव्हती.

वाडीतल्या लोकांचे आवाज यायला लागले तेव्हा ते माझ्याकडे वळले. "घरी जावा."

"आबा, माझ्यामुळे काही..."

"बाई, तुमी हयसर येवकच नाय. कळला? माका बोल लागलो तरी मी हयचोच. तुमका लागलो तर तुमी खंय जातलात?"

मी गेले. झाडांच्या आडून, मागच्या दाराने. नवी नोकरी, परका मुलूख, एकटी बाई, अशी कारणं मी नंतर शोधून काढली. त्या वेळी कारण एकच होतं, मी भ्याले होते.

भागीदार दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्याने चालत आला, अंगावर धड कपडा नव्हता. काकींचा भाऊ तिसऱ्या दिवशी सापडला. भागीदाराने खळ्यात बसून सगळ्यांसमोर सांगितलं, "बॅटरी मिचमिचत होती, म्हणान आमी वळलाव. दुसऱ्या खाडीर जावक निघालाव नि वाऱ्यान उलटी केल्यान."

तेव्हा, त्या गर्दीत मागे उभी असताना, मला कळलं. त्या किनाऱ्यावर स्थिर उजेड म्हणजे तोंड मोकळं आहे, या. आणि उघडमीट करणारा उजेड म्हणजे तोंडावरच्या वाळूवर लाटा फुटतायत, येऊ नका, दुसरीकडे जा. कंदिलावर गोणपाट टाकून करत तेव्हापासूनची ही खूण. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती, आणि म्हणूनच ती मला सांगायची असते हे आबांना सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळी खाडीचं तोंड अगदी मोकळं होतं.

काकी मसुऱ्याहून आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. "बॅटरी कोणाच्या हातात होती?"

"माझ्या," आबा म्हणाले. लोकांनीही त्यांनाच बॅटरीसकट तिथे पाहिलं होतं.

"तुमका ठावक नव्हतां?"

"ठावक होतां. नवी बॅटरी. हात चुकलो."

'तुमका ठावक नव्हतां?' हे काकींचे त्यांच्याशी बोललेले शेवटचे शब्द.

त्या घर सोडून गेल्या नाहीत. रांधलं, वाढलं, त्यांचे कपडे धुतले, पायाला तेल लावायची वाटी कोमट करून ठेवली. फक्त बोलल्या नाहीत. आणि माणसाला घरात राहायचं तर काहीतरी बोलावं लागतंच, तर ते सगळं माझ्यामार्फत. "गो, तेंका सांग, पेज वाढलंय." मी तीन पावलांवर बसलेल्या आबांना सांगायचे, आबा, पेज वाढली आहे. आबा म्हणायचे, "तिका सांगा, येतंय." अशी मी तीन वर्षं त्या दोघांच्या मधे उभी राहिले. माझ्या ताटात काकी माशाची मधली तुकडी वाढायच्या, मला ताप आला तर रात्र रात्र बसायच्या, आणि मी ती माया घेत राहिले. मी सांगेन, सांगेन म्हणत एकेक सण काढला. एकदा आबांना म्हटलं, आज मी काकींना सांगते. ते पेचकस हातात धरून बसले होते. म्हणाले, "चूक माझीच आसा, बाई. काळोख कसलो ता मी सगळ्यांका इचारलंय. उजवाड कोण बगतलो, ता इचारूक नाय. तुमका सांगूक नाय." ते मला समजावत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि मी त्यांच्या त्या वाटण्याच्या आड लपले.

बॅटऱ्या दाखवायला कोणी येईनासं झालं. खळ्यातलं सुंभ चिऱ्यांवर तसंच पडून कुजून गेलं. आबा दिवसभर आपल्या पेटीतल्या बॅटऱ्या उघडत बसायचे आणि ज्यांत दोन-तीन तऱ्हेचे उजेड होते त्यांच्या आतल्या जोडण्या तोडून, कथिलाचा डाग देऊन, एकदा दाबलं की पेट आणि पुन्हा दाबलं की विझ, एवढंच ठेवायचे. "एक बटण, एक काम," असं स्वतःशीच म्हणायचे. तारकर्लीकडून पर्यटक सरकत सरकत आमच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला लागले होते. आबा काठी टेकत त्यांच्याकडे जायचे आणि आपली ठेवणीतली ऑफिसची मराठी काढून म्हणायचे, "नमस्कार. आपल्याजवळ बॅटरी असेल तर कृपया समुद्राच्या दिशेने लुकलुकवू नये." पोरं हसायची. एकाने मला विचारलं, हे आजोबा बरे आहेत ना? मी म्हटलं, हो, ते बरे आहेत. त्याला सांगण्यासारखं त्यापुढे बरंच होतं.

माझी बदली झाली तेव्हा निघायच्या दिवशी आबांनी मला एक छोटी बॅटरी दिली. पिशवीच्या तळाशी स्वतः नीट ठेवली. काकी दाराशी उभ्या होत्या. आबा म्हणाले, "शेल उलटो घातलंय. ह्या टायमाक सांगतंय." आणि हसले. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. तो शेल मी अजून सुलटा केलेला नाही.

ते गेल्याचं शाळेतल्या एका बाईंनी फोनवर कळवलं. मी लगेच गेले नाही. मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा गेले. काकी खळ्यात एकट्याच बसून आमसुलं उलटत होत्या, बोटं लालजांभळी झालेली. मला बघून उठल्या, गालावरून हात फिरवला, "गो, किती वाळलंस," म्हणाल्या. चहा झाला. ऊन उतरलं. मग मी सांगितलं. बॅटरी माझ्या हातात होती, मी ती लुकलुकत ठेवली, मला खूण ठाऊक नव्हती, आबांनी मला घरी पाठवलं. शाळेत मुलांना धडा समजावून देते तसं क्रमाने सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे जाता आलं नसतं.

काकींचे हात आमसुलांवरून फिरत राहिले. एक ओळ उलटून झाली. दुसरी झाली.

"शेवटाक तेंनी पाणी मागल्यानी," त्या म्हणाल्या. "मी घातलंय गो. पाणी घातलंय, शबूद घालूक नाय. माझ्याकडे बगी होते. माका वाटला, आता तरी माफ कर म्हणतले. तां पण म्हणूक नाय."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले, रागाने नाही, आमसुलांवर माझा पदर पडेल म्हणून घेतात तसे.

"मगे मी तेंच्याशी बोलूक नाय," त्या म्हणाल्या, "ती वर्सां माका कोण परत देतलो?"

मी एवढी वर्षं समजत होते की सांगितलं की माझ्या मनावरचं उतरेल आणि आबांचं नाव धुऊन निघेल. सांगून मी काकींची एकच गोष्ट काढून घेतली, त्यांचा राग. त्याच्याच आधाराने त्या इतकी वर्षं उभ्या होत्या.

दिवेलागणीची वेळ झाली. शेवटची एस.टी. हायस्कूलच्या तिठ्यावरून सुटायची, तिथवर माडांतून पाणंद. मी पिशवी उचलली. काकी म्हणाल्या, "वाटेर काळोख आसतलो. बॅटरी हाडलात?"

हाडलात, म्हणजे आणलीत; आणलीस नव्हे. त्या मला अहोजाहो करत होत्या. मी नाही म्हणून मान हलवली.

त्या आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात ती छोटी, भिजली तरी चालणारी, दाण्यांची बॅटरी होती. ती मी कुठेही ओळखली असती. बटणाच्या बाजूला आबांनी दिलेला डाग होता. काकींनी ती माझ्या हातात ठेवली, माझा अंगठा धरून बटणावर आणला आणि सोडून दिला.

"एकदाच दाबा, बाई," त्या म्हणाल्या.